आयसीयूतील रुग्णाच्या हातापायांतील ताकद जाणे: निदान कसे करतात?

“न्यूमोनिया बरा झाला, शुद्ध आली, आम्हाला ओळखतात, पण हात उचलत नाहीत. लकवा तर मारला नाही ना?” आयसीयूबाहेर थांबलेले नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रत्येक वेळी तो लकवा नसतो. गंभीर आजारात हातापायांच्या नसा, स्नायू किंवा दोन्ही कमजोर होतात. याला ‘आयसीयू अक्वायर्ड वीकनेस’ म्हणतात.

हा त्रास कोणाला होतो?

रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग (सेप्सिस), एकापेक्षा जास्त अवयव निकामी होणे, बरेच दिवस व्हेंटिलेटर लागणे, रक्तातील साखर वाढलेली राहणे आणि अंथरुणात न हलता पडून राहणे ही प्रमुख कारणे आहेत. स्टिरॉइड आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचाही काही वेळा संबंध असतो. मात्र जीव वाचवण्यासाठी ती औषधे अनेकदा द्यावीच लागतात.

लक्षणे कशी ओळखाल?

• कमजोरी दोन्ही बाजूंना साधारण सारखीच असते.
• खांदे आणि मांड्या यांची ताकद जास्त कमी होते.
• चेहरा आणि डोळ्यांची हालचाल बहुधा चांगली राहते.
• श्वासाचे स्नायू कमजोर झाल्याने व्हेंटिलेटर काढायला वेळ लागतो.

डॉक्टर तपासणी कशी करतात?

निदान मुख्यतः रुग्णाच्या खाटेजवळच होते. त्यासाठी रुग्ण पुरता जागा हवा. म्हणून डॉक्टर आधी “डोळे उघडा, माझ्याकडे बघा, जीभ बाहेर काढा” अशा सोप्या सूचना देतात. झोपेच्या औषधाचा अंमल असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

त्यानंतर खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा आणि घोटा या सहा ठिकाणच्या हालचालींची ताकद दोन्ही बाजूंना पाहतात. प्रत्येक हालचालीला 0 ते 5 गुण असतात. 0 म्हणजे स्नायू अजिबात आकुंचन पावत नाही, 3 म्हणजे हात किंवा पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, 5 म्हणजे पूर्ण ताकद. एकूण 60 पैकी 48 पेक्षा कमी गुण आले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर हे निदान केले जाते.

इतर तपासण्या कधी लागतात?

पोटॅशियम, फॉस्फेट यांसारखे क्षार कमी झाल्यानेही ताकद जाते, म्हणून रक्त तपासतात. चित्र स्पष्ट नसेल किंवा अपेक्षेप्रमाणे सुधारणा होत नसेल, तर नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी या तपासण्या करतात. स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची गरज क्वचितच पडते.

एकाच बाजूची कमजोरी, वाकडे झालेले तोंड, पापण्या पडणे किंवा कमरेखालची संवेदना जाणे ही लक्षणे या आजाराची नेहमीची नाहीत. अशा वेळी पक्षाघात, मणक्यातील दाब, जीबीएस, मायस्थेनिया यांचा शोध तातडीने घ्यावा लागतो.

नातेवाइकांनी काय सांगावे?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कमजोरी दाखल होण्याआधी होती का? जिना चढताना त्रास, हातापायांना मुंग्या, गिळताना ठसका, सर्पदंश किंवा कीटकनाशकाचा संपर्क यांपैकी काही झाले असेल तर न विसरता सांगा. आयसीयूतील कमजोरी दाखल झाल्यानंतर सुरू होते. कमजोरी आधीच होती असे कळले, तर निदान आणि उपचार दोन्ही बदलू शकतात. मधुमेह, थायरॉइड आणि चालू गोळ्यांची माहितीही द्या.

पुढे काय?

ही कमजोरी लगेच बरी करणारे औषध नाही. मूळ आजारावर उपचार, साखरेवर नियंत्रण, पुरेसे पोषण आणि डॉक्टरांच्या परवानगीने लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी यांवर भर असतो. बऱ्याच रुग्णांची ताकद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. स्नायूंपेक्षा नसांना जास्त इजा झाली असेल तर वेळ अधिक लागतो आणि काहींमध्ये थोडी कमजोरी कायम राहते. रुग्ण हालचाल करत नाही म्हणजे तो प्रयत्न करत नाही, असे समजू नका. आज बोट हलले, उद्या कोपर वाकले, तर तीही सुधारणाच आहे. ती डॉक्टरांना जरूर सांगा.