लिनक्सवरून विंडोजकडे : ‘अमारॉक’चा प्रवास

संगणकावर गाणी ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी कधी लिनक्सचा वापर केला आहे, त्यांना ‘अमारॉक’ हे नाव अपरिचित नसावे. २००३ साली जर्मन प्रोग्रामर मार्क क्रेट्शमन यांनी या म्युझिक प्लेअरचे काम सुरू केले. माइक ओल्डफिल्ड या संगीतकाराच्या १९९० मधील अल्बमवरून त्याला नाव मिळाले. इन्युइट भाषेत ‘अमारॉक’ म्हणजे लांडगा. म्हणूनच त्याच्या बोधचिन्हावर लांडगा विराजमान आहे.

गाणे वाजविणे हे काम अनेक सॉफ्टवेअर करीत होती. अमारॉकचे वैशिष्ट्य होते ते गाण्यांचा संग्रह सांभाळण्यात. हजारो गाण्यांची गायक, अल्बम, वर्ष अशी वर्गवारी तो करीत असे. कोणते गाणे किती वेळा ऐकले याची नोंद ठेवी. वाजत असलेल्या गाण्याचे शब्द आणि कलावंताविषयीचा विकिपीडियावरील लेख तिथेच शेजारी दाखवी. २००६ मध्ये आलेली त्याची १.४ ही आवृत्ती विशेष लोकप्रिय ठरली. मात्र विंडोज वापरणाऱ्याला हे सारे दुरूनच पाहावे लागे.

याचे कारण अमारॉकच्या पायात होते. लिनक्ससारख्या प्रणालींसाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘केडीई’ या डेस्कटॉप प्रकल्पावर तो उभा होता आणि केडीई स्वतः ‘क्यूट’ या नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या साधनसंचावर. खिडक्या, बटणे, याद्या असे पडद्यावर दिसणारे सर्व काही क्यूट पुरवीत असे. लिनक्ससाठी क्यूट २००० पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली उपलब्ध होते. विंडोजसाठी मात्र नव्हते. म्हणजे अडचण केवळ तंत्राची नव्हती, परवान्याचीही होती. जून २००५ मध्ये क्यूटची चौथी आवृत्ती विंडोजसाठीही जीपीएलखाली आली आणि हा अडसर दूर झाला.

दुसरी अडचण आवाजाची. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची ध्वनी वाजविण्याची यंत्रणा वेगळी असते. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या केडीई ४ मध्ये त्यासाठी ‘फोनॉन’ हा मधला थर देण्यात आला. प्लेअरने फोनॉनला केवळ ‘हे गाणे वाजव’ एवढेच सांगायचे. पुढे ते लिनक्सच्या यंत्रणेकडून वाजवून घ्यायचे की विंडोजच्या, हे फोनॉनने पाहायचे. या पायावर अमारॉकचे मोठ्या प्रमाणात पुनर्लेखन झाले आणि १० डिसेंबर २००८ रोजी २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. विंडोज आणि मॅकवरही ती चालविता येऊ लागली, पण प्रायोगिक अवस्थेत.

या स्थलांतराची किंमतही मोजावी लागली. जुन्या आवृत्तीतील काही सोयी नव्या आवृत्तीत नव्हत्या. खिडकीची मांडणीही पार बदलली होती. अनेक जुने चाहते नाराज झाले. विंडोजवर तर प्लेअरसोबत केडीईचे पुष्कळसे सामानही उतरवून घ्यावे लागे. एका खोलीत राहण्यासाठी अख्खा वाडा बांधून आणावा, तसा हा प्रकार होता.

एखादे बंदिस्त सॉफ्टवेअर असते, तर विषय इथेच संपला असता. कंपनीने मांडणी बदलली की ग्राहकाला ती निमूटपणे स्वीकारावी लागते. अमारॉकचा सोर्स कोड मात्र खुला होता. काही प्रोग्रामरनी १.४ हीच आवृत्ती आधार म्हणून घेतली, तिला केडीईच्या बंधनातून सोडविले आणि ती थेट क्यूट ४ वर उभी केली. २०१० मध्ये ‘क्लेमेंटाइन’ या नावाने हा प्लेअर लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींसाठी उपलब्ध झाला. पुढे त्याचीही एक शाखा निघाली. २०१८ मध्ये आलेली ‘स्ट्रॉबेरी’ ती हीच. ज्या रूपातला अमारॉक विंडोजकरांना हवा होता, तो असा वेगळ्या नावाने त्यांच्या दारी आला. मूळ अमारॉकही संपला नाही. दीर्घकाळ मंदावलेले काम पुन्हा वेग घेऊन एप्रिल २०२४ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या सगळ्यात सामान्य श्रोत्याचे काय पणाला लागते? गाण्यांच्या फाइल नव्या संगणकावर सहज नेता येतात. पण वर्षानुवर्षे दिलेली मानांकने, ऐकल्याच्या नोंदी, जुळविलेल्या याद्या बहुधा प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. प्लेअर एकाच ऑपरेटिंग सिस्टिमचा कैदी असेल, तर संगणक बदलताना ही कमाई मागे राहते. उलट गाण्याचे नाव, गायक, संगीतकार ही माहिती ‘टॅग’च्या रूपाने फाइलमध्येच लिहिलेली असली, की ती फाइलबरोबर सर्वत्र जाते.

मराठी गाणी जपणाऱ्यांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. एमपी-थ्रीच्या सर्वांत जुन्या टॅगमध्ये नावासाठी जेमतेम ३० अक्षरांची जागा होती आणि ती इंग्रजीसारख्या लिप्यांपुरती. नंतरच्या टॅगमध्ये युनिकोडची सोय झाल्याने नावे देवनागरीत लिहिता येतात. हे टॅग वाचण्या-लिहिण्यासाठी अमारॉक ‘टॅगलिब’ ही मुक्तस्रोत लायब्ररी वापरतो. केडीईच्या वर्तुळात जन्मूनही ती चालण्यासाठी ना केडीईवर विसंबून आहे, ना क्यूटवर. त्यामुळेच क्लेमेंटाइनमध्ये आणि व्हीएलसीमध्येही ती सहज सामावली.

प्लेअर निवडताना म्हणूनच दोन प्रश्न अवश्य विचारावेत. तो आपल्या आजच्या आणि उद्याच्या दोन्ही संगणकांवर चालेल काय? आणि आपण भरलेली माहिती तो फाइलमध्ये लिहितो, की केवळ स्वतःजवळ ठेवतो? प्लेअर येतील आणि जातील. कष्टाने जमविलेला संग्रह मात्र आपल्याच हाती राहिला पाहिजे.