केकवरील वेलबुट्टी

लग्नाच्या बहुमजली केकवर साखरेच्या घट्ट आयसिंगने काढलेली वळणदार, उठावाची नक्षी. आयसिंग कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या कोनात भरतात आणि टोकाच्या नोझलमधून दाबाने बाहेर सोडत नक्षी घडवतात. या कामाला सर्रास पायपिंग म्हणतात. सी आणि एस या रोमन अक्षरांसारखी वळणे, शिंपल्यांची किनार, पिळाचा दोर आणि कडेने सोडलेल्या झालरी हे तिचे नेहमीचे घटक.

या नक्षीचे खरे द्रव्य म्हणजे रॉयल आयसिंग. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण 200 ते 225 ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब पुरतात. भांड्याला तेलातुपाचा ओशटपणा राहिला तर मिश्रण फुगत नाही. जोरात घोटून त्यात हवा भरली तर बारीक रेघ मध्येच तुटते, म्हणून संथ हाताने घोटतात. शिंपल्यांसाठी मिश्रण टोक उभे राहील इतके घट्ट लागते. रेघेसाठी त्यात थेंबभर पाणी घालून ते सैल करतात. काम चालू असताना भांड्यावर ओले फडके झाकावे लागते, कारण वरची साय वाळली की तिचे कण नोझलमध्ये अडकतात. केकवरचा जाड लेप सुरीने कापता यावा म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन मिसळतात. नाजूक रेघांना मात्र ते चालत नाही. त्या कडक वाळायलाच हव्यात.

नक्षीच्या आधी मापे येतात. 25 सेंटीमीटर व्यासाच्या केकचा घेर सुमारे 78 सेंटीमीटर भरतो. तेवढी कागदी पट्टी तीनदा दुमडली की आठ भाग पडतात आणि प्रत्येक वळणाला दहाएक सेंटीमीटर जागा मिळते. पट्टी केकभोवती गुंडाळून टाचणीने खुणा करतात. नवखे हात ही पायरी टाळतात आणि शेवटचे वळण पहिल्याशी जुळत नाही, तेव्हा सगळा घेर खरवडून काढावा लागतो.

मेंदीचा कोन धरणाऱ्या हाताला दाबाचा अंदाज असतो, पण रेघ टाकण्याची रीत वेगळी असते. मेंदी त्वचेच्या अगदी लगत काढतात. इथे आयसिंगच्या तारेचे टोक केकवर चिकटवायचे, कोन वर उचलायचा, तार हवेत लोंबती ठेवायची आणि खुणेवर अलगद उतरू द्यायची. शेवट येण्याआधी दाब थांबवून टोक टेकवायचे. टेकवून ओढलेली रेघ हाताची थरथर दाखवते. हवेतून उतरलेली रेघ स्वतःच्या वजनाने सरळ होते. एस वळणात सुरुवातीला दाब देऊन भरगच्च पोट काढतात आणि शेपटाकडे दाब कमी करत नेतात. वेलीला जिवंतपणा येतो तो या जाड-बारीकपणामुळे. सगळीकडे सारख्या जाडीची वेल कितीही मोजून काढली तरी निर्जीव दिसते.

जोसेफ लॅम्बेथ या ब्रिटिश कारागिराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एकाच वळणावर रेघांचे थर चढवतात: आधी 3 क्रमांकाच्या नोझलची रेघ, ती वाळल्यावर 2 क्रमांकाची, मग आणखी बारीक अशी 1 क्रमांकाची. त्यामुळे वळणाखाली सावली पडते. त्याचे या विषयावरील पुस्तक 1934 मध्ये निघाले. युद्धकाळात, 1940 मध्ये, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचे आयसिंग करण्यावर बंदी आली आणि लग्नात साध्या केकवर पुठ्ठ्याचे सजवलेले आवरण ठेवण्याची पाळी आली. राजकन्या एलिझाबेथ यांच्या 1947 मधील विवाहात मात्र 9 फूट उंचीचा चार मजली केक उभा राहिला.

महाराष्ट्रात या कलेचे आजचे सर्वांत ठळक नाव पुण्याच्या प्राची धबल देब यांचे आहे. ब्रिटिश राजघराण्यासाठी काम केलेले एडी स्पेन्स यांच्याकडे त्या शिकल्या. मिलानच्या कॅथीड्रलची सुमारे 100 किलोंची प्रतिकृती त्यांनी रॉयल आयसिंगने उभारली. अंड्याविना रॉयल आयसिंग त्यांनी वापरात आणले, ही गोष्ट आपल्याकडे अशा भव्य कामांपेक्षाही मोलाची आहे. शाकाहारी घरांच्या समारंभांत ही नक्षी त्यामुळेच शिरू शकते.

हवामानाचा हिशेब प्रांताप्रांताने बदलतो. साखर हवेतला ओलावा ओढते. गोवा आणि वसई येथील ख्रिस्ती लग्नांत आयसिंगच्या केकची चाल जुनी असली, तरी पावसाळ्यात तिथे रेघ नीट वाळत नाही. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. उदाहरणार्थ, शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे भीमेकाठचे गाव, पलीकडे दौंड तालुका. हवा कोरडी, आणि पाणी पोहोचते तिथे उसाची शेती. न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले ते त्यावरच. एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नांत मांडवाच्या उकाड्यात व्हिपिंग क्रीमची फुले पाहता पाहता ढासळतात. रॉयल आयसिंगमध्ये स्निग्धांश नसल्याने ते वितळत नाही. अशा मुलखाला ही वेलबुट्टी क्रीमपेक्षा अधिक मानवते, हे निःशंक सांगता येते.

साखर कारखान्याची असली तरी ती तशीच चालत नाही. मिक्सरमध्ये दोनदा दळून वस्त्रगाळ केल्याखेरीज 1 क्रमांकाचे नोझल तुंबते. नक्षी क्रीमवर काढू नये, ओलाव्याने ती विरघळते. खाली मार्झिपानचा, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याचा, किंवा फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लवचीक कणकेचा, थर हवा. गोव्यात बदामाऐवजी काजूचे मार्झिपान करतात. वाळलेली नक्षी फ्रीजमध्ये ठेवणेही घातक, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. थर्माकोलच्या बनावट मजल्यांवर नक्षी आठवडाभर आधी काढून ठेवता येते. कापायचा खरा मजला तेवढा शेवटी बसवतात.