दादाभाई नौरोजी मार्ग, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागातील प्रमुख रस्ता. जुने नाव हॉर्नबी रोड. उत्तरेस महात्मा जोतीराव फुले मंडईपासून (क्रॉफर्ड मार्केट) निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून (बोरीबंदर, व्ही.टी.) दक्षिणेस हुतात्मा चौकापर्यंत जातो. लांबी सुमारे दीड किमी. पूर्वीचे नाव १७७१ ते १७८४ या काळातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्यावरून पडले होते. आजचे नाव दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) यांचे असून दक्षिण टोकाला त्यांचा पुतळा आहे. मार्गदर्शिकांमधून हा रस्ता बहुधा त्याच्यावरील भव्य वास्तूंच्या यादीच्या रूपाने भेटतो. अशी यादी करणे सोपे आहे, परंतु त्या वास्तू एकत्र येऊन एक सलग रस्ता कसा झाला, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. तो शोधायचा तर आधी पाडलेल्या तटाकडे आणि नंतर कमानींविषयीच्या एका सरकारी नियमाकडे वळावे लागते.

अठराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या वसाहतीभोवती तट बांधला. त्याला अपोलो गेट, चर्च गेट व बझार गेट असे तीन दरवाजे होते. हॉर्नबी रो ही वाट पश्चिमेकडील तटाच्या आतल्या अंगाने जाई. कोटात १८०३ साली मोठी आग लागली. पण दाटी पुन्हा वाढत गेली आणि तटाचा लष्करी उपयोग संपला तरी तो उभाच राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना (१८६२–६७), तट पाडण्याचे काम झाले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा जुने कोटबंद शहर डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तटाची जमीन मोकळी झाल्याने हॉर्नबी रो रुंद करता आली. रस्त्याच्या दोन बाजूंतील फरक तेव्हापासूनचा आहे. पूर्वेकडे बोरा बझार, मोदी स्ट्रीट, बझार गेट अशा जुन्या कोटाच्या अरुंद गल्ल्या येऊन मिळतात, तर पश्चिमेकडे मोकळ्या जमिनीवर आखलेले मोठे, सरळ भूखंड आहेत.

रस्त्याचा उत्तर भाग सार्वजनिक संस्थांचा आहे. बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. आराखडा विल्यम इमर्सनचा, दर्शनी शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंगचे. जे. जे. कला महाविद्यालयाचे (स्थापना १८५७) आवार याच रस्त्याला लागून आहे. तेथे लॉकवुड किपलिंग अध्यापक असताना १८६५ मध्ये त्याचा मुलगा, पुढे लेखक म्हणून गाजलेला रुडयार्ड, जन्मला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने रचलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांनी संपले. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच (१८९३). तिच्यापुढे फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. अंजुमन-इ-इस्लामची शाळा आणि टाइम्स ऑफ इंडियाची इमारत याच पट्ट्यात येतात. टर्मिनसची नोंद २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली.

यांपैकी टर्मिनस, महापालिका, जे. जे. आणि अंजुमन या वास्तू आपापल्या आवारात, रस्त्यापासून मागे सरकून उभ्या आहेत. त्या एकट्याने पाहाव्यात अशाच बांधल्या गेल्या. टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंतच्या दक्षिण भागाचे मात्र वेगळे आहे. तिथे मालक अनेक, वास्तुशिल्पी अनेक आणि शैली तर विचारूच नये: गॉथिक, नवअभिजात, इंडो-सारासेनिक, आणि पंखधारी बैलांचे अ‍ॅसिरियन धाटणीचे प्रवेशद्वार असलेली पारशी अग्यारी. एवढी खिचडी असूनही रस्ता एकजीव दिसतो, कारण १८९६ मध्ये सरकारने नियम केला की या रस्त्यावरील इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची छपरी वाट ठेवावी. मालकाने वर काय बांधावे, हे त्याच्या ऐपतीवर व आवडीवर सोडलेले होते. खाली त्याने लोकांना ऊन-पावसात चालायला जागा द्यायची होती. वरची विविधता शोभते ती या खालच्या सलग रेषेमुळे.

यावर असा आक्षेप येतो की कमानी मुंबईला नव्या नव्हत्या. एल्फिन्स्टन सर्कल (हॉर्निमन सर्कल) येथे त्या तीस वर्षे आधीच होत्या. हे खरे आहे, पण तेथे सगळा गोल एकाच आराखड्यातून उठला आणि दर्शनी भागही एकसारखे राखले गेले. हॉर्नबी रोडवर एकहाती आराखडा नव्हता; परस्परांशी काही देणेघेणे नसलेल्या मालकांना एका अटीने ओळीत आणले गेले. दुसरा आक्षेप असा की नियमाचे श्रेय फुगवले जाते. खरे काम कापसाच्या पैशाने केले. त्या पैशाने जमीन मोकळी करण्याला बळ मिळाले, हे मान्य करावे लागते. पण १८६५ मध्ये ती तेजी कोसळली आणि कमानींचा नियम आला तो त्यानंतर तीन दशकांनी. भांडवल इमारत उभी करते. शेजारच्या इमारतीशी तिने कसे वागावे, हे ते ठरवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कमानींखाली आज चालायला जागा उरलीच कुठे? खांबांच्या मधल्या जागेत पथाऱ्या लागतात. मोबाइलची कव्हरे, गॉगल, अत्तरे, शर्ट आणि ‘इंपोर्टेड’ म्हणून विकला जाणारा माल खांबाला बांधलेल्या दोरीवर आणि लाकडी फळीवर मांडलेला असतो. एका इमारतीची हद्द संपली की पायाखालची फरशी बदलते, कुठे बोटभर पायरी लागते. जागा खासगी मालकीची आणि वाट सर्वांची, हे तिथे उघड दिसते. परंतु पथारीवाला तिथे बसतो तो गिऱ्हाईक सावलीतून जाते म्हणून, आणि सावली नियमाने दिली. डागडुजी मालकाने करावी की पालिकेने, आणि खांबामागची किती फूट जागा मोकळी ठेवावी, हे नीट ठरले नाही, ही नंतरच्या कारभाराची उणीव आहे. तिचा दोष मूळ योजनेला देता येत नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. त्यानंतर आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार येथील दुकानांच्या पाट्या कमानीच्या चौकटीत बसवण्याचा उपक्रम झाला. तोही जमला, कारण मोजमापाला धरून चालायची चौकट शतकभर आधीच तयार होती.

इमारतींचे वापर बदलत गेले. व्हाइटअवे लेडलॉ या विलायती मालाच्या पेढीच्या इमारतीत पुढे दीर्घकाळ खादी भांडार चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय पुढे याच रस्त्यावरील इमारतींत आले. दक्षिण टोकाच्या चौकाला संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील हुतात्म्यांचे नाव आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला होता.

मुख्य व्यवसाय : बँका, विमा, प्रवासी कंपन्या, कापड, चष्मे व पुस्तके यांची दुकाने, कार्यालये. वस्ती तुरळक.

वाहतूक : घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून, विजेच्या १९०७ पासून, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. टर्मिनसजवळील पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळून जीवितहानी झाली. भुयारी मेट्रो ३ ची स्थानके टर्मिनस व हुतात्मा चौक येथे आहेत.

ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्या यादीचे निकष उत्कृष्ट वास्तूंना आणि समूहांना न्याय देतात. या रस्त्याचे महत्त्व मात्र अनेक मध्यम दर्जाच्या इमारतींना एका साध्या अटीने दिलेल्या शिस्तीत आहे. म्हणून येथील जतनाचा विचार कळस-घुमटांआधी तळमजल्याच्या वाटेपासून सुरू व्हायला हवा. ती बंद झाली तर वरच्या सर्व इमारती शाबूत राहूनही हा रस्ता हरवेल.