काविळीचं औषध

आमच्या माण तालुक्यातल्या गावात डॉक्टर म्हणून जे होते ते आयुर्वेदाचे पदवीधर. 1938 च्या मुंबईच्या कायद्यानं वैद्यांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, 1961 साली महाराष्ट्राचा कायदा आला आणि आमच्यासारख्या आडगावांना पाटी लावलेला डॉक्टर मिळाला. एमबीबीएस झालेलं कुणी आमच्याकडं मुक्कामाला येत नव्हतं.

डॉक्टरांच्या कपाटात एका खणात आरोग्यवर्धिनी, त्रिभुवनकीर्ती; दुसऱ्यात लाल इंजेक्शनं. स्टोव्हवर काचेची सिरिंज कायम उकळत असायची. ते पुड्या बांधायला बसले की माणसं तोंड वाकडं करायची. "पुडीवर भागवताय व्हय डाक्तर? सुई मारा की एक!" आयुर्वेद शिकलेल्या माणसाचं पोट सुईवर चालायचं, असा तो मामला.

कावीळ झाली की मात्र उलटं. तिला डॉक्टरकडं औषधच नाही, हे गावात ठरलेलं. दोन गावं पलीकडं एक जण रविवारी, बुधवारी अनशापोटी ताकातून मुळीचा रस द्यायचा. मग हाताला कसलासा पाला चोळून थाळीत चुन्याच्या निवळीनं हात धुवायला लावायचा. पाणी पिवळंधम्मक. कावीळ उतरली! आंब्याच्या सालीचा रस चोळून निवळीत धुतला तर धडधाकट माणसाच्या हातचंही पाणी पिवळं होतं, हे मी फार पुढं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या कार्यक्रमात पाहिलं. तो माणूस नारळाशिवाय काही घेत नसे, म्हणून शंका कुणाला यावी? शिवाय बहुतेकजण बरे व्हायचेच. पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण जाते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा. ओढ्याचं पाणी विहिरीत उतरलं आणि घरोघर डोळे पिवळे झाले. धाकट्या काकीला सातवा महिना होता. डॉक्टर स्वतः घरी आले, डोळे पाहिले आणि आजोबांना म्हणाले, "तात्या, हिला माझं औषध नको, त्याचं तर नकोच. उद्याच्या एस्टीनं साताऱ्याला सिव्हिलला न्या."

तात्यांनी उलटा अर्थ लावला. स्वतः झाडपाल्याचं शिकलेला माणूस झाडपाल्याला नको म्हणतो, म्हणजे याला काहीच येत नाही. गाडी जुंपली ती त्या गावाला. दोन रविवार झाले. दुसऱ्या रविवारनंतर काकी असंबद्ध बोलायला लागली, गुरुवारी शुद्ध हरपली. साताऱ्याला पोचायच्या आत संपलं. दोघांचंही.

दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली होती, आणि गरोदर बायकांना ती जास्त भोवते हे तेव्हाच दिसलं होतं. आमच्या डॉक्टरांनी ते कुठं वाचलं होतं की कुणाची बाई अशीच जाताना पाहिली होती, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मला कावीळ झाली. तात्या काही न बोलता मला डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी आरोग्यवर्धिनी दिली, पाणी उकळून प्यायला सांगितलं, आणि सुईचे पैसे नकोत म्हणाले. सुई दिलीच नव्हती. मी बरा झालो. औषधानं की आपोआप, देव जाणे.

आजीला मात्र शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. जात्यावर बसली की मधेच थांबायची नि म्हणायची, "पर पोरीच्या हाताचं पाणी तर हळदीवानी पिवळं निघालं व्हतं की रं."