चहाचे ग्रामण्य आणि वांद्र्याचा निवाडा

'ग्रामण्य' हा शब्द आता कोशात आणि इतिहासाच्या पुस्तकांतच सापडतो. कोणी आचार मोडला असा बोभाटा झाला, की जातीने त्याच्यावर ठपका ठेवायचा, त्याच्याशी अन्नोदक-व्यवहार बंद करायचा, आणि त्यावरून जो तंटा माजेल त्याला ग्रामण्य म्हणायचे. शब्द गेला खरा, पण त्यामागची वृत्ती गेली की नाही, हे पाहण्यासाठी आज मी दोन गोष्टी सांगणार आहे. एक पुण्याची, १८९० सालची. दुसरी मी राहतो त्या वांद्र्याची, अवघ्या काही वर्षांपूर्वीची.

पहिली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. समारंभानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, आणि काहींनी केवळ यजमानांचा मान राखण्यासाठी कप हातात घेऊन बाजूला ठेवला, असे सांगतात. पुढे गोपाळराव जोशी यांनी (हे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) पाहुण्यांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. झाले! चहा कोणी प्याला आणि कोणी नुसता हातात धरला, हा भेद यादीत कुठून असणार? नाव आले म्हणजे माणूस बाटला. धर्मकृत्यांना ब्राह्मण मिळणे कठीण झाले, आणि घरातल्या बायकामुलांना त्याचा जाच सोसावा लागला.

प्रकरण शंकराचार्यांकडे गेले. त्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले. टिळकांनी शास्त्राधार काढून आपली बाजू मांडली, आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे असे सांगितले. रानड्यांनीही मित्रांची अडचण पाहून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्याबद्दल सुधारकांनीच त्यांना नावे ठेवली, हा भाग वेगळा.

आता वांद्र्याकडे येऊ. १४ जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, सुशांतसिंह राजपूत हा चित्रपट-अभिनेता वांद्र्यातील राहत्या घरी मृतावस्थेत आढळला. वय अवघे चौतीस. मुंबई पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद करून चौकशी सुरू केली. जुलैच्या अखेरीस त्याच्या वडिलांनी पाटण्यात फिर्याद दिली. तीत रिया चक्रवर्ती ही अभिनेत्री आणि तिचे कुटुंबीय यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा व पैशांच्या अपहाराचा आरोप होता. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवण्यास संमती दिली.

येथवर सारे रीतीप्रमाणे झाले. ज्या बापाचा तरणाताठा मुलगा गेला, त्याने दाद मागावी, शंका घ्यावी, यात गैर काय? फिर्याद हा त्याचा हक्क होता. पण फिर्याद आणि निकाल यांच्यामध्ये तपास नावाची एक लांब वाट असते, आणि ती चालण्याचा धीर कोणाला नव्हता. घराघरांत माणसे कोंडलेली, हातात मोबाईल, समोर टीव्ही. वाहिन्यांवर रोज रात्री खटला चाले. तिथे साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश सगळे एकाच टेबलाशी बसलेले! तिचे खासगी संदेश पडद्यावर वाचून दाखवले गेले. समाजमाध्यमांवर तिला चेटकीण म्हणाले, काळी जादू करणारी म्हणाले; ती बंगाली, म्हणून साऱ्या बंगाली स्त्रियांचा उद्धार झाला. चौकशीसाठी ती बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत गेली, तेव्हा कॅमेरेवाल्यांच्या गराड्यातून तिला वाट काढणे मुश्किल झाले. साथीच्या दिवसांत माणसामाणसांत अंतर ठेवा म्हणून सांगत होते, ते इथे कोणाला आठवले नाही.

८ सप्टेंबरला अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली आणि भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे महिनाभर तिला राहावे लागले. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी तिला जामीन दिला. ती अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या साखळीतली नाही, असे त्यांनी नमूद केले. त्या आदेशातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. नामवंत माणसांचा तरुणांवर प्रभाव असतो, तेव्हा त्यांना कठोर वागवून जरब बसवावी, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. न्यायमूर्तींना तो मान्य झाला नाही. कायद्यापुढे सगळे सारखे. प्रसिद्ध माणसाला न्यायालयात खास सवलत नाही, तशीच त्याच्यावर खास जबाबदारीही येत नाही, असा त्यांचा आशय होता.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. त्याच सुमारास दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाने खुनाची शक्यता नाकारली. १८ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी वाहिन्यांच्या या समांतर खटल्यांबद्दल निकाल दिला. तपास चालू असता वाहिनीने खटला चालवणे म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ, असे त्यांनी सांगितले, आणि वार्तांकनासाठी मर्यादा आखून दिल्या. त्या निकालासाठी दाद मागणाऱ्यांत महाराष्ट्र पोलिसांतले निवृत्त वरिष्ठ अधिकारीही होते. शेवटी मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचे अहवाल न्यायालयांत सादर केले. मृत्यूला कोणी जबाबदार असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष असल्याचे प्रसिद्ध झाले. अमली पदार्थांचे प्रकरण वेगळे. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा, मी नव्हे.

म्हणजे लोकांचा निकाल काही आठवड्यांत लागला, आणि तपासाचा लागायला पावणेपाच वर्षे गेली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पुण्याचे ग्रामण्य मला मुळीच चांगले वाटत नाही. चहाच्या कपावरून माणसाला वाळीत टाकणे हा अन्यायच. आणि ज्यांना गावाने मुळातच वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी तर चौकशी नव्हती की प्रायश्चित्तही नव्हते. तरीसुद्धा, त्या अन्यायी व्यवस्थेलाही दोन दारे होती. एका दाराने आरोपीला आत येऊन आपले म्हणणे सांगता येई. दुसऱ्या दाराने, काही भरपाई करून, त्याला पुन्हा पंगतीला बसता येई. आजच्या ग्रामण्याला ही दारे ठेवायचे आपण विसरलो. इथे बोलावणे येत नाही, म्हणणे ऐकत नाहीत; आणि निर्दोष ठरले तरी पंगतीला बोलवायला कोण येणार? ज्या हजारोंनी वाळीत टाकले, त्यांतला एकेक जण समजतो की आपण केवळ एक ओळ लिहिली.

कोणी म्हणेल, मग अन्याय झालेल्याने गप्प बसायचे काय? मुळीच नाही. दुबळ्याचे गाऱ्हाणे मोठ्यांच्या कानी पोचवण्याचे काम याच माध्यमांनी अनेकदा केले आहे. गाऱ्हाणे जरूर ऐकावे, तपासाचा आग्रह धरावा. पण 'चौकशी करा' हे म्हणणे वेगळे आणि 'हिनेच केले' हे म्हणणे वेगळे.

आणि हे मी शहाजोगपणे सांगतो आहे असे समजू नका. त्या ऑगस्टात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'पक्का पुरावा सापडला' असा एक संदेश आला. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, मी पाहिले नाही. साताऱ्याच्या धाकट्या बहिणीला आणि आणखी दहाबारा जणांना तो पुढे पाठवून दिला आणि चहा प्यायला बसलो.

सीबीआयच्या अहवालाची बातमी आली, त्या दिवशी सहज बहिणीला फोनवर विचारले, "अगं, ते राजपूत प्रकरण आठवतं का तुला?"

ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? त्या पोरीनंच केलं ना ते?"

मी म्हणालो, "तसं नाही निघालं."

क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग दादा, तूच तर पाठवलं होतंस ना मला?"

तिला मी सगळे नीट समजावून सांगितले. बाकीच्या दहाबारा जणांना अजून सांगायचे आहे.