काचेतला वाफसा

जानेफळच्या शिवारात पाऊस उघडला की शेतकरी मूठभर माती उचलून दाबतो. लाडू वळला, बोटांना चिकटला नाही आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. काळ्या मातीत ही अवस्था फार दिवस टिकत नाही. पावसात ती फुगून चिखल होते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मेहकर तालुक्यातले हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तरी हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा, काचेच्या पेटीत पाळण्याच्या प्रथेचे कोडे उलगडायला वाफसा याच शब्दाची सर्वांत जास्त मदत होते. माझे म्हणणे असे की, या प्राण्याच्या वाट्याला चुकीच्या पेटीचा वारसा आला. जमिनीवर राहणाऱ्या जातींना हवी होती मातीची पेटी, मिळाली माशांची.

काच या मुलखाला नवी नाही. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, त्यात लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. पण काचेत माती भरून जीव जगवण्याची कल्पना लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला 1829 मध्ये सुचली, तीही एका किड्यामुळे. पतंगाचा कोश त्याने बाटलीतल्या ओल्या मातीत पुरून ठेवला होता. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमे, थंडावा आला की थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. कोश राहिला बाजूला, मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब वर आले. वॉर्डच्या पेट्या 1833 मध्ये लंडनहून सिडनीला गेल्या आणि आतली झाडे जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली हजारो चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती याच पेट्यांतून. या पेटीचा जीव तळाच्या थरात होता. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि काचेच्या पेटीला दुसरे वळण लागले. तिथे ओल देण्याचे काम पाण्याने पत्करले. माशांच्या टाकीतल्या वाळूत उपयोगी जिवाणू वाढतात हे खरे, पण पाहणाऱ्याला तळ म्हणजे शोभा वाटू लागली. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आपल्याकडे आजही काचेची टाकी म्हटले की मासे आणि रंगीत खडे डोळ्यांपुढे येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शंखातले खेकडे सर्रास विकले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याखाली हेच खडे पसरले गेले.

या खेकड्याची शरीररचना पाहिली की चूक किती जीवघेणी आहे ते कळते. तो जमिनीवर चालतो, पण श्वास बदललेल्या कल्ल्यांनी घेतो आणि ते कल्ले ओलसर हवेतच चालतात. वाढताना त्याला कात टाकावी लागते. त्यासाठी तो वाळूत पुरून घेतो, आत पोकळी करतो, मऊ अंगाने कित्येक आठवडे पडून राहतो आणि टाकलेली कात खाऊन तिच्यातला चुना परत मिळवतो. खड्यांत पोकळी उभीच राहत नाही. कोरडी वाळू त्याच्या अंगावर ढासळते. म्हणून पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण घेतात, थर निदान सहा इंच आणि सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट ठेवतात, आणि बोटाने पाडलेले भोक तसेच टिकेल इतपत ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने भिजवतात. वाफसाच हा, फक्त वाळूतला. वऱ्हाडच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत झाकण उघडे राहिले तर तो झपाट्याने उडून जाईल.

कोणी म्हणेल, खेकडे तर आपल्या नदी-ओढ्यांच्या काठच्या मातीतही बिळे करतात; मग शेतातली माती का नको? तो खेकडा गोड्या पाण्याचा. त्याची पिल्ले आईच्या पोटाखालीच खेकड्याचे रूप घेऊन बाहेर पडतात. शंखातल्या खेकड्याच्या अळ्यांना समुद्रच लागतो, म्हणून बाजारातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. मला स्वतःला ही उचलाउचल मान्य नाही. पण जो आधीच पेटीत आहे, त्याला फुगून आवळणाऱ्या काळ्या मातीत पुरणे हा दुसरा अन्याय ठरेल. लोणारच्या सरोवराचे खारे पाणीही चालायचे नाही, कारण ते सोड्याचे, तीव्र अल्कधर्मी पाणी आहे, समुद्राचे नव्हे. आणि कोकणच्या खडकांवर भरती-ओहोटीत दिसणारे शंखातले खेकडे पाण्यातले. त्यांना या वाळूच्या पेटीत ठेवले तर ते मरतात.

खोल ओल्या थराला बुरशी येते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ती बहुतेक वेळा पुरून राहिलेल्या अन्नाने आणि तळाशी साचलेल्या पाण्याने येते. उपाय थर उथळ करणे नाही, उरलेले अन्न रोज काढणे आणि पाणी बेताने घालणे हा आहे. वॉर्डच्या त्या पहिल्या बाटलीतली झाडे पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगली. मग झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजून गेली.