तलवारीकडून ओळंब्याकडे

लष्कर शहर १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून उभे राहिले, हे वाचकांस विदितच आहे. त्या छावणीत इटालियन वंशाचे फिलोज घराणे पलटणींचे नेतृत्व करीत असे. १८४३ मध्ये महाराजपूर व पनियार येथे पराभव झाला, फौज मर्यादित झाली. पुढे याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांनी हाती ओळंबा घेतला. जयाजीराव महाराजांसाठी त्यांनी १८७४ मध्ये जयविलास प्रासाद सिद्ध केला. प्रत्येकी साडेतीन टनांची झुंबरे छत पेलेल काय, हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविल्याची आख्यायिका आहे. १९६४ पासून प्रासादाच्या एका भागात संग्रहालय आहे, म्हणून त्याची स्मृती सुरक्षित राहिली. आपल्या वाड्यांस तो आधार नाही. ते विकसकांच्या हाती जाण्यापूर्वी त्यांचे नकाशे, छायाचित्रे व दप्तरे कुटुंबांनी जतन करावीत, असे आम्हांस वाटते.